कनवटीचा पैसा

दर दहा दिवसांनी आत्याचं दुधाचं बिल निघायचं. पाटण तालुक्यातल्या तिच्या गावची डेअरी म्हणजे पत्र्याच्या दाराची एक खोली, एक टेबल, फॅट काढायचं यंत्र आणि भिंतीला टेकवलेले कॅन. सचिव नाव पुकारायचे. आत्या पुढं जाऊन वहीवर शाईचा अंगठा उठवायची, नोटा दोनदा मोजायची, चौघडी करून कनवटीला खोचायची आणि घराकडं वळायची. सुट्टीत मी तिच्याकडं असले की या फेरीला सोबत जायचे. परतताना ती मला कधी काही बोलायची नाही, कारण मनात हिशेब चाललेला असायचा. किराणावाल्याची उधारी, गिरणीचं दळण, पेंडीचं पोतं.

या हिशेबात दोन-तीन खर्च असे असायचे की जे घरात कुणालाच ठाऊक नसत. माझी आतेबहीण दिलेल्या घरी अडचणीत होती. ती माहेरी आली की परत जाताना आत्या तिला गोठ्यापर्यंत सोबत न्यायची आणि तिथं तिच्या मुठीत काहीतरी द्यायची. शेजारच्या एका मुलाच्या परीक्षेची फी एकदा तिनंच भरली होती, हे आम्हाला तो मुलगा नोकरीला लागल्यावर कळलं. आणि मी निघताना मला मिळणारी वाटखर्ची. आत्याचे यजमान, आमचे मामा, भला माणूस होता, पण पैशाला घट्ट. बिल किती निघालं हे त्यांना कळायचं, पण त्यातलं काय कुठं गेलं हे मात्र नाही. त्या न कळण्यावर आत्याचं अर्धं जग उभं होतं.

आता ते बिल खात्यात जमा होतं.

हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. मी पुण्यात राहते आणि गेली कित्येक वर्षं माझ्या पर्समध्ये क्वचितच शंभराची नोट असते. रिक्षा, भाजी, दूध, लाइटबिल, पोराची फी, सगळं फोनवर. एसटीत कंडक्टर आता मशीनवरचा कोड समोर धरतात. सुट्ट्यांवरून गाडीत जी वादावादी चालायची, ‘उतरताना घ्या’ म्हणून तिकिटामागं जो आकडा लिहून मिळायचा आणि उतरायच्या गडबडीत बुडायचा, तो प्रकार माझ्यापुरता संपला. हे सुख खरं आहे. युपीआयची सुरुवात एप्रिल २०१६ मध्ये मुंबईत झाली, तेव्हा रघुराम राजन रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते. पहिल्या आर्थिक वर्षात, म्हणजे २०१६-१७ मध्ये, पुऱ्या देशात मिळून दोन कोटीसुद्धा व्यवहार झाले नव्हते. ऑगस्ट २०२५ च्या एका महिन्यात ते दोन हजार कोटींच्या वर गेले. कुठल्याही बँकेच्या खात्यातून कुठल्याही बँकेच्या खात्यात, कुठल्याही ॲपवरून, रविवारी रात्रीही, आणि जानेवारी २०२० पासून दुकानदाराला त्यावर शुल्क नाही. अशी सोय जगात फार थोड्या देशांनी आपल्या लोकांना दिली आहे. मला तिचा अभिमान आहे, आणि तो लपवायचं कारण नाही.

पण पैसे पाठवताना पडद्यावर एक नाव येतं. ते वाचायची सवय मला गेल्या दोन-तीन वर्षांत लागली. मेथीच्या जुड्या लावून बसलेल्या मावशींचा कोड स्कॅन केला की नाव येतं एखाद्या पुरुषाचं. फुलवालीचंही तसंच. घरी पोळ्या लाटायला येणाऱ्या ताईंना पगार पाठवते, तेव्हाही. विचारलं की सांगतात, ‘माझ्या मालकांचं आहे’, ‘पोराचं खातं आहे, माझ्याकडं साधा फोन आहे’. तराजूला लटकवलेल्या कोडवर पैसे पडल्याचं तो छोटा डबा मोठ्यानं सांगतो आणि मावशी मान हलवतात. संध्याकाळी जुड्या संपतात. पूर्वी त्या वेळी मावशींच्या मांडीखालच्या पिशवीत दिवसभराची कमाई असायची. आता पिशवीत जेमतेम चिल्लर असते आणि कमाई घरी, दुसऱ्या कुणाच्या तरी खिशातल्या फोनमध्ये त्यांच्या आधी पोचलेली असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, बायकांना दोन प्रश्न विचारले होते. स्वतः वापरता असं बँक खातं आहे का? देशातल्या जवळपास ७९ टक्के बायका हो म्हणाल्या. स्वतः वापरता असा मोबाइल आहे का? हो म्हणणाऱ्या ५४ टक्के. जनधन योजना २८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झाली आणि त्यातली निम्म्याहून जास्त खाती बायकांची आहेत, त्यामुळं पहिला आकडा भरभर वाढला. खातं सरकारी मोहिमेनं उघडता येतं. फोन मात्र घरातल्या माणसांनी घेऊन द्यावा लागतो, नाहीतर स्वतःच्या पैशातून घ्यावा लागतो, आणि तो पैसा असतो खात्यात. त्या दोन आकड्यांच्या मधल्या फटीत कोण उभं आहे ते मला चांगलं ठाऊक आहे. तिथं माझी आत्या आहे.

८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या, त्या नोटबंदीच्या रात्री आत्याकडं पाचशेच्या सात नोटा होत्या. हरभऱ्याच्या डाळीच्या डब्यात, तळाशी, प्लॅस्टिकच्या पुरचुंडीत. चलनातल्या एकूण रकमेपैकी ८६ टक्के रक्कम त्या रात्री पाचशे-हजारांत होती आणि तिचा नेमका केवढा भाग अशा डब्यांत होता हे कुणी कधी मोजलेलं नाही. गावातल्या लोकांची खाती जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेत, कारण शेतीचं कर्ज तिथलं. पहिले काही दिवस तिथं नोटा घेतल्या, मग १४ नोव्हेंबरला रिझर्व्ह बँकेनं देशभरातल्या जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला आणि बदलायला मनाई केली. राहिली तालुक्याची राष्ट्रीयीकृत बँक. तिथं जायचं तर एसटीनं दीड तास, रांगेत दिवस, आणि सोबत ओळखपत्र. एकटीनं जाणं जमणारं नव्हतं. म्हणून एका रात्री जेवणं झाल्यावर आत्यानं डबा उपडा केला आणि नोटा मामांच्या पुढ्यात ठेवल्या.

मामा रागावले नाहीत. उलट हसले, कौतुकानं म्हणाले, “बघा, आमच्या सरकारची तिजोरी!” नोटा बदलून आल्या, साडेतीन हजारांचे साडेतीन हजार. त्यातून घरावरचे पत्रे बदलले. पैसे बुडाले नाहीत, चांगल्या कामी लागले, तरी ही गोष्ट सांगताना आत्याचा आवाज आजही खाली जातो. सात वर्षं लागली होती तिला ती पुरचुंडी जमवायला. ती लेकीसाठी होती.

रिझर्व्ह बँकेच्या अहवालात पुढं आलं की रद्द झालेल्या नोटांपैकी ९९.३ टक्के परत आल्या. त्या आकड्यावर अर्थतज्ज्ञ खूप बोलले. मला त्यात डाळीच्या डब्यातल्या सात नोटा दिसतात, ज्यांच्या परत जाण्यात एक बाई उघडी पडली.

नोटबंदीच्याच वर्षी, १ डिसेंबर २०१६ ला, ठाणे जिल्ह्यातलं मुरबाड तालुक्याचं धसई हे राज्यातलं पहिलं रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झालं. दुकानादुकानांत कार्डाची यंत्रं आली, वडापाव कार्डावर मिळायला लागला, वर्तमानपत्रांत फोटो आले. पुढं वर्षभरानं बातमीदार तिथं परत गेले तेव्हा व्यवहार बहुतांशी पुन्हा नोटांवर आलेला होता. मला यात धसईच्या लोकांचं काही चुकलं असं वाटत नाही. यंत्र एका दिवसात देता येतं. बाजाराचा दिवस, उधारीची वही, मजुरीचा शनिवार, ऊसतोडीची उचल ही माणसांची घडी त्या यंत्राभोवती बसायला मात्र वेळ लागतो. देशाचंही तसंच आहे. नोटबंदीच्या आधी सुमारे १७.७ लाख कोटी रुपयांच्या नोटा फिरत होत्या. मार्च २०२४ अखेर त्या ३५ लाख कोटींच्या घरात होत्या. फोनवरचे व्यवहार आकाशाला भिडले आणि नोटाही दुपटीला टेकल्या. दोन्ही एकाच वेळी. ज्यांना जे झेपलं, जे परवडलं, ज्याचा भरवसा वाटला, ते त्यांनी धरलं.

नोटबंदीच्या त्या हिवाळ्यातच दुधाचं बिल खात्यावर द्यायचं ठरलं. सभासद मामा होते म्हणून खातं मामांचं. २०१९ ला मामा गेले. मग सभासदत्व आत्याच्या नावावर आलं, खातंही आलं. फॉर्मवर मोबाइल नंबरची चौकट होती. तिथं दादाचा नंबर लिहिला. दादा म्हणजे माझा आतेभाऊ, वाशीच्या बाजार समितीत माथाडी कामगार आहे. आमच्या तालुक्यातली निम्मी घरं त्या बाजारानं जगवली. नंबर लिहिताना कुणाच्या मनात काही नव्हतं. आत्याकडं फोनच नव्हता.

तेव्हापासून दर दहा दिवसांनी वाशीत, गोणी पाठीवर असताना, दादाच्या खिशात फोन वाजतो आणि आईच्या म्हशीनं किती कमावलं ते त्याला कळतं. तो लगेच गावी शेजाऱ्यांच्या फोनवर कळवतो, “आईला सांगा, बिल आलं.” किराणावाल्याला तिथूनच पैसे पाठवतो. पेंडीचे पाठवतो. आईला काही कमी पडू देत नाही. असा मुलगा मिळायला भाग्य लागतं, आणि आत्या हे दहा जणांना सांगते. एकदा मात्र, शेगडीपाशी बसलेलो असताना, राख सारखी करत ती म्हणाली,

“पैसं माझंच हायती गं. पर मागावं लागत्यात.”

“दादा नाही म्हणतो का कधी?”

“न्हाई म्हनत. कशाला पायजे, एवढंच इचारतो.”

त्या विचारण्यात वावगं काही नाही. कुणीही विचारेल. पण लेकीला द्यायला, असं आत्या दादाला सांगू शकत नाही. बहिणीच्या सासरच्यांशी दादाचं बिनसलेलं आहे. म्हणून आत्या मागतच नाही. २०१९ पासून आतेबहीण माहेरून रिकाम्या हातानं जाते, खणानारळावर. कुणी कुणाला लुबाडलं नाही, एकही पैसा गहाळ नाही, प्रत्येक रुपयाची नोंद आहे. फक्त न सांगता देता येणं संपलं.

मी तिला म्हणाले, गावाकडच्या बँकमित्राकडून, म्हणजे बँकेनं नेमलेल्या माणसाकडून, काढत जा ना रोख, आधारवर अंगठा लावून. तिनं दोन्ही हात माझ्यापुढं पालथे-उताणे केले. त्या बोटांवर रेषा शोधाव्या लागतात. पन्नास वर्षं शेण, गवत, राख, विळा. आधारची सुरुवात आपल्याच राज्यात झाली, २९ सप्टेंबर २०१० ला, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत. तिथल्या बायकांचे हातही असेच असणार. डेअरीच्या वहीवर शाईचा अंगठा जन्मभर चालला. यंत्राला मात्र तो ओळखू येत नाही. ‘अंगठा लागत न्हाई’ हे वाक्य गावाकडं इतकं रोजचं झालंय की त्यात कुणाला दुखणं दिसत नाही. बाई तीन-चार वेळा बोट पुसते, पदराला घासते, पुन्हा ठेवते, मागची रांग चुळबुळते, आणि ती ओशाळून बाजूला होते. जणू तिचंच काही चुकलं. एकदा तर यंत्रानं अंगठा घेतला, खात्यातून हजार वजा झाले आणि हातात काहीच आलं नाही. ते परत जमा व्हायला कित्येक दिवस गेले. त्या दिवसांत आत्यानं दादाला सांगितलं नाही, कारण हजार कशाला काढत होती हे सांगावं लागलं असतं.

सुनेचं निराळंच. जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली, महिना पंधराशे, थेट खात्यात. आधारला जोडलेलं खातं कुठलं हे कितीतरी बायकांना माहीत नव्हतं. वहिनी ज्या बँकेत रोज चौकशी करत होती तिथं पैसे आलेच नव्हते. ते पडले होते कधीतरी शिबिरात उघडलेल्या आणि पासबुकही हरवलेल्या जनधन खात्यात. सापडले तेव्हा मात्र तिनं स्वतःच्या पैशातून स्वतःला साधा स्मार्टफोन घेतला. हेही खरं आहे, आणि ते मला आनंदानं सांगावंसं वाटतं.

गेल्या दिवाळीत मी ठरवून आठ दिवस गावी राहिले. आत्याचा नंबर खात्याला जोडायचाच. दुकानातून बटणांचा साधा फोन आणला, तिच्या आधारवर सिम घेतलं. तालुक्याच्या बँकेत गेलो तर सर्व्हर बंद. दुसऱ्या दिवशी गेलो तर फॉर्मवर आधीचा नंबर कशाला बदलता म्हणून प्रश्न. पासबुक, आधार, झेरॉक्स, फोटो. आणि ही गाठ केवढी विचित्र आहे ते मला तेव्हा कळलं. फोनवर पैसे हाताळायला पिन लागतो. पिन घालायला डेबिट कार्ड लागतं, नाहीतर आधारवरचा ओटीपी. ओटीपी यायला आधारला नंबर लागतो, आणि आधारवरही दादाचाच. मोबाइल बँकेला, बँक आधारला, आधार मोबाइलला, अशी ही दावणीची साखळी. एक कडी दुसऱ्याच्या हातात असली की सगळी त्याच्या हातात. मला दोन दिवस कचेरीतून सुट्टी काढता आली, मराठी-इंग्रजी वाचता आलं, साहेबांशी न घाबरता बोलता आलं, तेव्हा ते झालं.

साध्या फोनवरही पैसे पाठवता येतात. *९९# ची सोय २०१४ पासून देशभर आहे, आणि ८ मार्च २०२२ ला साध्या फोनसाठी खास युपीआय १२३पे सुरू झालं. मी आत्याला दाखवायचा प्रयत्न केला. घरात रेंज नाही. कोयनेच्या १९६० मेगावॅटवर राज्याचे दिवे लागतात, पण त्या खोऱ्यातल्या कितीतरी वाड्यांत फोनसाठी देवळाच्या टेकाडावर चढावं लागतं. टेकाडावर चढलो. आत्याला अक्षरं येत नाहीत, आकडे मात्र पक्के येतात. लिटर, फॅट, दर, कपात, यात तिला कुणी फसवू शकत नाही. एक दाबा, दोन दाबा, इथपर्यंत ती माझ्या पुढं होती. चार आकडी पिन ठेव आणि कुणाला सांगू नको, म्हटल्यावर ती थबकली.

“तुला बी न्हाई?”

“मला पण नाही.”

ती बराच वेळ फोनकडं बघत राहिली. मग म्हणाली, “इसरले तर?” मी काही उत्तर देऊ शकले नाही. विसरली तर पुन्हा तालुका, पुन्हा रांग, पुन्हा मी. फोन तिनं माझ्या हातात दिला. एवढं नको, पैसे आल्याचं कळलं तरी पुष्कळ, म्हणाली.

तेही मी पूर्वी कमी लेखलं असतं. फोनवर पैसे देता येणं म्हणजेच पुढारणं असं माझ्याही डोक्यात बसलं होतं. तिला त्यातलं नेमकं काय हवंय हे विचारायला मला नऊ वर्षं लागली.

दादाला मी फोन करून सांगितलं की आता मेसेज आईला येतील. थोडा वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, “बरं केलंस. माझ्या ध्यानातच आलं नाही कधी.” त्याच्या आवाजात थोडं दुखावलेपण होतं, ते मी विसरलेले नाही.

मी निघायच्या आदल्या दिवशी दहावा दिवस होता. आत्या धार काढून फोन हातात घेऊन टेकाडावर गेली, माझ्या आधी. मी पोचले तेव्हा मेसेज आलेला होता. तिनं तो माझ्याकडं दिला नाही. स्वतःच बोट ठेवून एकेक आकडा वाचला, दोन, एक, चार, शून्य. पेंडीची कपात जाऊन एकवीसशे चाळीस. मग गालात हसली.

तिथून ती मला शेजारच्या गावच्या बँकमित्राकडं घेऊन गेली, चालत. अंगठा लागला नाही. तर्जनी लागली नाही. पोरगा समजूतदार होता, म्हणाला, “आजी, घाई न्हाई, दहा बोटं हायती.” डाव्या हाताची अनामिका लागली. पाचशे रुपये, शंभराच्या पाच नोटा. आत्यानं त्या दोनदा मोजल्या, चौघडी केली आणि पाठ वळवून कनवटीला खोचल्या.

भाऊबीज दोन दिवसांवर होती आणि आतेबहीण येणार होती. परतीच्या वाटेवर आत्या काही बोलली नाही. मीही काही विचारलं नाही.